पॅरिस, २८ मे २०२२: तिकीट हातात असून चाहते फाटकाबाहेर का राहिले

युरोपातल्या फुटबॉल क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे चॅम्पियन्स लीग. तिचा २०२२ चा अंतिम सामना इंग्लंडचा लिव्हरपूल आणि स्पेनचा रियल माद्रिद यांच्यात झाला. मैदान होतं पॅरिसला उत्तरेकडून लागून असलेल्या सँ-दनीमधलं स्ताद द फ्रान्स. दोन्ही संघ पाहुणे, मैदान तिसऱ्याचं. रात्री ९ वाजता सुरू व्हायचा सामना ३६ मिनिटं उशिरा सुरू झाला. विनिसियस ज्युनियरने ५९व्या मिनिटाला गोल केला आणि रियलने १-० असा चषक नेला. बाहेर त्या संध्याकाळी लिव्हरपूलचे हजारो चाहते दोन-दोन तास दाटीवाटीत उभे होते. बंद फाटकांना चिकटून उभ्या असलेल्या या रांगांवर पोलिसांनी अश्रुधूर सोडला, मिरचीचा फवारा मारला. त्यात लहान मुलं होती, म्हातारी माणसं होती, व्हीलचेअरवरचे चाहतेही होते.

गोंधळ फाटकावर दिसला, पण त्याची तयारी आधीच्या काही आठवड्यांत कागदावर झाली होती. लिव्हरपूलचे चाहते म्हणजे आवरायचा जमाव, असं बंदोबस्त आखणाऱ्यांनी धरून चाललं. एकदा ते धरलं की वाट कुठून न्यायची, तपासणी कुठे करायची, अडचण आली तर फाटक उघडायचं की बंद करायचं, आणि खापर कुणावर फोडायचं, ही सगळी उत्तरं त्याच दिशेने जातात. म्हणून या सामन्याकडे एकेक कडी सुटी करून पाहायला हवं.

पाहुण्यांची नेहमीची व्यवस्था

आधी नेहमीची पद्धत. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या क्लबला ३,००० तिकिटं द्यावी लागतात. मैदान लहान असेल तर क्षमतेच्या १० टक्के. २०१६-१७ च्या मोसमापासून पाहुण्या चाहत्याच्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा आहे. युएफा, म्हणजे युरोपची फुटबॉल संघटना, हिच्या क्लब स्पर्धांमध्ये पाहुण्यांचा वाटा क्षमतेच्या ५ टक्के. ही माणसं एका सलग भागात बसतात. त्यांची फाटकं, टर्नस्टाइल (एकावेळी एकालाच आत सोडणारं फिरतं दार), स्वच्छतागृहं आणि खाण्याचे स्टॉल वेगळे असतात. यजमानांच्या बाजूला काही रांगा रिकाम्या ठेवून मध्ये स्टुअर्ड, म्हणजे मैदानाचे स्वयंसेवकासारखे रखवालदार, उभे करतात.

हे वेगळं बसवणं कशासाठी, ते भारतातही एकदा भयंकर किंमत मोजून कळलं आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालचे चाहते एकाच भागात मिसळून बसले होते. मारामारी झाली, पळापळ झाली आणि १६ जण गेले.

पण वेगळं बसवणं हा सोपा भाग झाला. मैदानाच्या आत एकदा माणूस आपल्या जागी पोचला की धोका पुष्कळ कमी होतो. खरी कसोटी स्टेशनपासून टर्नस्टाइलपर्यंतच्या वाटेवर लागते, कारण तिथे पाहुण्याला रस्ता ठाऊक नसतो, भाषा येत नसते, आणि पोलिस सांगतील तिकडेच त्याला जावं लागतं. यजमान चाहता गल्लीबोळातून दुसरी वाट काढतो. पाहुण्याच्या हातात तेवढंही नसतं.

तीन महिन्यांत उभा केलेला सामना

हा अंतिम सामना मुळात सेंट पीटर्सबर्गला ठरला होता. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर युएफाने २५ फेब्रुवारी २०२२ रोजी तो पॅरिसला हलवला. एरवी अशा सामन्याच्या तयारीला वर्षाहून जास्त काळ मिळतो, इथे तीन महिने मिळाले. लिव्हरपूलच्या वाट्याला १९,६१८ तिकिटं आली. क्लबने ती कागदी मागून घेतली होती.

तिकीट नसलेले चाहतेही पॅरिसला आले. मोठ्या अंतिम सामन्याला ते नेहमीच येतात, शहरात बसून पडद्यावर सामना पाहतात. त्यांच्यासाठी आणि तिकीटवाल्यांसाठीही शहराच्या पूर्व भागात कूर द व्हँसेन इथे जागा दिली होती, तर रियलच्या चाहत्यांना मैदानाजवळच सँ-दनीमधल्या एका बागेत. म्हणजे लिव्हरपूलच्या तिकीटधारकांपैकी बऱ्याच जणांना शहराच्या दुसऱ्या टोकाहून उपनगरी रेल्वेनेच मैदान गाठायचं होतं.

मैदानाला तेव्हा रेल्वेच्या तीन मुख्य वाटा होत्या: आरईआर या उपनगरी रेल्वेच्या बी आणि डी लाइन, आणि मेट्रोची १३ क्रमांकाची लाइन. त्या दिवशी आरईआर बी वर संप होता, तो आधी जाहीरही झाला होता. प्रवाशांना डी लाइनकडे वळवलं गेलं. बी लाइनच्या स्टेशनकडून मैदानाला येणारा रस्ता मोठा आणि मोकळा आहे. डी लाइनच्या स्टेशनहून निघणाऱ्या पाट्या मात्र चाहत्यांना ए-१ महामार्गाच्या खालून नेत होत्या आणि तिथून एका अरुंद चढणीवर सोडत होत्या. गर्दी एका स्टेशनवरून दुसऱ्यावर गेली तर पायी वाटही बदलावी लागते. ती बदलली नाही. गर्दी साचताना दिसल्यावरसुद्धा मागून येणाऱ्यांना दुसऱ्या रस्त्याला लावलं नाही.

चढणीवरचा नाका

त्या चढणीच्या तोंडाशी बाहेरचा तपासणी नाका होता. फ्रान्समध्ये २०१५ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर मैदानाभोवती असा बाहेरचा घेरा ठेवण्याची पद्धत पडली. १३ नोव्हेंबर २०१५ च्या रात्री आत्मघाती हल्लेखोरांनी याच मैदानाच्या बाहेर स्फोट केले होते, त्यामुळे घेरा हवाच याबद्दल वाद नाही. चूक झाली ती दुसऱ्या जागी. त्या एकाच नाक्यावर अंगझडती आणि तिकिटाची पहिली तपासणी अशी दोन कामं एकत्र आणली गेली. कागदी तिकीट खरं की खोटं हे पाहण्यासाठी स्टुअर्डांना रासायनिक पेन दिले होते: पेन फिरवायचं, खूण उमटते का पाहायची, मग सोडायचं. शिवाय नाक्याजवळ पोलिसांच्या गाड्या अशा उभ्या होत्या की मुळात अरुंद असलेली वाट आणखी आवळली गेली.

याचा हिशोब मांडून पाहू. ब्रिटनमध्ये मैदानांच्या सुरक्षिततेसाठी जी मार्गदर्शक पुस्तिका वापरतात, तिला सगळे ‘ग्रीन गाइड’ म्हणतात. तिच्या हिशोबात एका टर्नस्टाइलमधून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसं धरतात, म्हणजे माणशी साडेपाच सेकंद. ही फक्त तिकीट दाखवून आत जाण्याची गती. अंगझडतीला माणशी १५ सेकंद आणि तिकिटावर पेन फिरवायला ५ सेकंद धरा, म्हणजे एका रांगेतून तासाला १८० माणसं. अशा दहा रांगा असतील तर तासाला १,८००. १५,००० माणसं त्या नाक्यातून काढायची तर आठ तासांवर लागतात. रांगा दुप्पट केल्या तरी चार तास.

आता दुसरी बाजू. तासाला ५,००० माणसं येत असतील आणि १,८०० पुढे जात असतील, तर दर तासाला ३,२०० माणसं तिथेच साचतात. एका चौरस मीटरला चार माणसं धरली तर त्यांना ८०० चौरस मीटर जागा हवी. दहा मीटर रुंदीच्या वाटेवर ती रांग ८० मीटर मागे जाते, दुसऱ्या तासाला १६० मीटर. मागच्याला पुढे काय चाललंय ते दिसत नाही, तो पाऊल पुढे टाकतो, आणि मधल्याच्या छातीवर दाब येतो. चौरस मीटरला सहा-सात माणसं झाली की कुणाच्या चालण्यावर कुणाचा ताबा राहत नाही. ऐन गर्दीच्या वेळी मुंबईत रेल्वेच्या पुलावर अडकलेल्या माणसाला जसं वाटतं, तसं गर्दीच माणसाला वाहून नेते. या अवस्थेत शिस्तीचा प्रश्न उरत नाही. मागून ओघ थांबवणं आणि पुढून वाट मोकळी करणं, हे दोनच उपाय असतात आणि दोन्ही आयोजकाच्या हातात असतात.

हे आकडे फक्त अंदाज बांधण्यासाठी घेतलेले आहेत. पण अशी बेरीज-वजाबाकी आखणी करतानाच करायची असते, आणि ती कागदावर एका बैठकीत होते.

नाका सोडला, फाटकं लावली

साडेसातनंतर चढणीवरची दाटी इतकी वाढली की अधिकाऱ्यांनी बाहेरचा नाकाच सोडून दिला. त्या क्षणी चेंगराचेंगरी टळली, एवढं श्रेय त्या निर्णयाला द्यायला हवं. पण पुढे काय होणार याची तयारी नव्हती. दोन तास अडवलेली गर्दी एकदम टर्नस्टाइलवर जाऊन धडकली. बिनतिकिटवाले गाळणारी चाळणी गेल्यामुळे आसपासची स्थानिक पोरंही फाटकांपर्यंत पोचली. काहींनी कुंपणावरून उड्या मारल्या. ते पाहून लिव्हरपूलच्या बाजूची फाटकं बंद केली गेली, आणि किती वेळ बंद राहणार, कुणीकडे जायचं, हे बाहेरच्यांना कुणी सांगितलं नाही.

मैदानात घुसणाऱ्यांना रोखायला फाटक बंद केलं की ज्याच्याकडे खरं तिकीट आहे तोही अडकतो आणि मागची गर्दी वाढतच राहते. दाब कमी करायचा तर बाजूची फाटकं उघडायची, लोकांना मागे घ्यायचं, ध्वनिक्षेपकावरून सतत बोलत राहायचं. इथे पोलिसांनी धूर सोडला. धुराने जमाव पांगतो, पण त्याला पांगायला जागा असेल तर. पुढे कुंपण आणि मागे गर्दी असताना धूर सोडला तर माणसं आंधळी होऊन एकमेकांवर रेटली जातात. गर्दीच्या व्यवस्थापनात याहून धोकादायक गोष्ट क्वचितच असेल. युएफाने नेमलेल्या स्वतंत्र चौकशी समितीने पुढे स्पष्ट लिहिलं की त्या रात्री कुणाचा जीव गेला नाही हेच विशेष, आणि त्यात चाहत्यांच्या स्वतःच्या संयमाचा मोठा वाटा होता. पुढचे मागच्यांना थांबायला सांगत होते, घुसमटलेल्यांना वाट करून देत होते.

त्या संयमामागे इतिहास आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलच्या चाहत्यांची अशीच कोंडी झाली होती. लेपिंग्ज लेनच्या बाजूला उभ्याने पाहणाऱ्या १०,१०० जणांसाठी फक्त ७ टर्नस्टाइल होते. बाहेरचा दाब कमी करायला पोलिसांनी बाहेर पडायचं एक फाटक उघडलं, पण आत आलेल्यांना आधीच भरलेल्या, कुंपण घातलेल्या मधल्या कोंडवाड्यांकडे जाण्यापासून कुणी अडवलं नाही. त्यात ९७ जण गेले. दोष चाहत्यांवर टाकण्यात आला, ते दारू पिऊन उशिरा आले असं सांगण्यात आलं. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने हे खोटं ठरवलं आणि एप्रिल २०१६ मध्ये ज्यूरीने निकाल दिला की ती माणसं बेकायदा कृत्याने मारली गेली आणि चाहत्यांचा त्यात दोष नव्हता. हिल्सबरोतून वाचलेले काही जण पॅरिसच्या त्या गर्दीत उभे होते.

आणि फ्रेंच बंदोबस्ताच्या आखणीत हिल्सबरोकडे कसं पाहिलं गेलं? चाहत्यांच्या हुल्लडबाजीचं उदाहरण म्हणून. चौकशी समितीने या गैरसमजावर बोट ठेवलं. पोलिसांच्या निष्काळजीपणाने ज्यांची माणसं गेली, त्यांनाच त्या घटनेच्या नावाने धोकादायक ठरवायचं, यात घोर अज्ञान आहे आणि ते माफ करण्याजोगं नाही.

‘चाहते उशिरा आले’

सामना लांबल्यावर मैदानातल्या मोठ्या पडद्यावर कारण झळकलं: चाहत्यांच्या उशिरा येण्यामुळे. भारतात रात्री साडेबाराला सुरू व्हायचा सामना एक वाजून गेल्यावर सुरू झाला, आणि पुण्या-मुंबईत जागून पाहणाऱ्यांपर्यंतही तेच कारण पोचलं. प्रत्यक्षात हे चाहते काही तास आधीपासून मैदानाशी उभे होते. इंग्लंडहून आलेल्या मर्सीसाइड पोलिसांच्या निरीक्षकांनी सांगितलं की बहुतांश चाहते वेळेआधी आले, सांगितलं तसे रांगेत उभे राहिले आणि त्यांचं वागणं नमुनेदार होतं.

‘उशीर’ टिकेना तेव्हा ‘बनावट तिकिटं’ पुढे आली. फ्रान्सचे तेव्हाचे गृहमंत्री जेराल्ड दार्मानँ यांनी ३० ते ४० हजार चाहते बिनतिकिट किंवा बनावट तिकीट घेऊन आले होते असं सांगितलं. टर्नस्टाइलवर नोंदली गेलेली बनावट तिकिटं होती २,५८९. हा आकडा लहान नाही, अशा सामन्यासाठी तो बराच मोठा आहे, आणि बनावट तिकिटांमुळे रांग अडते हेही खरं. पण ३० हजार जास्तीची माणसं कुठे होती? तेवढी माणसं खरोखर आली असती तर सामना सुरू झाल्यावर तेवढाच जमाव बाहेर उरला असता. तसा तो कुणाला दिसला नाही. शिवाय खरं तिकीटही खोटं म्हणून नाकारलं गेल्याची उदाहरणं आहेत. लिव्हरपूलचा खेळाडू अँडी रॉबर्टसन याने आपल्या मित्राला क्लबकडून मिळालेलं तिकीट बनावट ठरवलं गेल्याचं जाहीरपणे सांगितलं.

पॅरिसचे तेव्हाचे पोलिसप्रमुख दिदिए लालमाँ यांनी जूनमध्ये सिनेटसमोर, म्हणजे फ्रान्सच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहासमोर, ती रात्र अपयशी ठरल्याचं मान्य केलं आणि आपला आकडा चुकला असेल असंही म्हटलं. त्याच सुनावणीत आणखी एक गोष्ट बाहेर आली. मैदानाच्या सीसीटीव्हीचं चित्रीकरण सात दिवसांनी आपोआप पुसलं गेलं होतं, कारण तपासयंत्रणेने ते मागितलंच नव्हतं. ज्या पुराव्याने कोण कधी आलं याचा वाद एका दुपारी मिटला असता, तो पुरावा हातचा घालवला गेला. अशा घटनेनंतर पहिल्या चोवीस तासांत करायचं पहिलं काम म्हणजे चित्रीकरण राखून ठेवण्याची लेखी मागणी. ते चाहत्यांच्या संघटनेनेही करावं, पोलिसांवर सोडू नये.

सिनेटचा अहवाल जुलै २०२२ मध्ये आला. दोष चाहत्यांवर ढकलणं त्याने नाकारलं. दार्मानँ यांनी जूनअखेर माफी मागितली होती. युएफाच्या समितीचा अहवाल फेब्रुवारी २०२३ मध्ये आला आणि त्याने मुख्य जबाबदारी युएफावरच ठेवली: सामना त्यांचा, म्हणून सुरक्षिततेची देखरेखही त्यांची. मार्चमध्ये युएफाने लिव्हरपूलच्या वाट्याच्या सर्व १९,६१८ तिकिटांचे पैसे परत द्यायचं जाहीर केलं. रियलच्या आणि इतर प्रेक्षकांना मात्र ठरावीक अटींत बसलं तरच परतावा होता.

एक गोष्ट मनाला फार लागते. मैदानावरच्या बंदोबस्ताचा आजचा युरोपीय करार याच सँ-दनीच्या नावाने ओळखला जातो. ३ जुलै २०१६ रोजी, युरो स्पर्धेतल्या फ्रान्स-आइसलँड सामन्याच्या दिवशी, तो इथेच सह्यांसाठी खुला झाला. सुरक्षितता, बंदोबस्त आणि पाहुण्यांची सोय या तिन्हींचा एकत्र विचार करा, एकाच्या नावाखाली दुसरी बुडवू नका, असं तो सांगतो. फ्रान्स त्यावर सही करणाऱ्या पहिल्या देशांपैकी आहे.

हीच वाट नीट कशी आखली असती

संप जाहीर झाला त्या दिवशी गर्दीचा नवा अंदाज काढायचा: कुठल्या स्टेशनवर तासाला किती माणसं उतरतील. त्यावरून प्रत्येक नाक्याच्या रांगा ठरवायच्या. येणाऱ्यांचा वेग नाक्याच्या वेगापेक्षा जास्त निघाला तर रांगा वाढवायच्या किंवा वाट फोडायची, तिसरा मार्ग नाही. अंगझडती आणि तिकीट तपासणी वेगवेगळ्या जागी हवी, मध्ये मोकळी जागा ठेवून, म्हणजे एकीकडे अडलं तरी दाब दुसरीकडे जात नाही. ज्याचं तिकीट चालत नाही त्याला रांगेतून बाजूला काढायला वेगळी खिडकी आणि परत जायला वेगळी वाट ठेवायची. ही एक साधी सोय नसली की नाकारलेला माणूस गर्दीच्या उलट दिशेने रेटत निघतो आणि सगळी रांग ठप्प होते.

नाक्याच्या मागे, रस्त्याच्या सुरुवातीलाच, गर्दी थोपवायची जागा लागते. तिथले स्टुअर्ड पाहुण्यांची भाषा बोलणारे असावेत आणि पाहुण्या क्लबचे स्वतःचे लोक त्यांच्यासोबत असावेत, कारण चाहते त्यांचं ऐकतात. वाट किती आवळली की नाका सोडायचा, कुणी सोडायचा आणि सोडल्यावर टर्नस्टाइलवर काय करायचं, हे आधी लिहून ठेवायचं. व्हीलचेअरवरच्या चाहत्यांची वाट मुख्य गर्दीतून नेऊच नये. धूर आणि फवारा यांची परवानगी कुठल्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याकडे असेल हे नाव घालून ठरवायचं, आणि कोंडलेल्या गर्दीवर तो वापरायचाच नाही. सामना उशिरा सुरू करण्याचा निर्णयही लवकर घ्यायचा असतो. ९ वाजता सुरू होणारा सामना लांबणार हे साडेआठला सांगितलं तर बाहेरची माणसं घाई करत नाहीत. नऊला पाच मिनिटं असताना सांगून त्याचा उपयोग फार थोडा.

आणि सामना संपल्यावरची वाट. सँ-दनीत सगळं लक्ष लोकांना आत घेण्याकडे होतं. परतताना दोन्ही क्लबांच्या चाहत्यांना मैदानाबाहेर चोरट्यांच्या टोळ्यांनी गाठलं, स्टेशनकडे निघालेल्यांनी पुन्हा धूर खाल्ला. लिव्हरपूल परिसराचे महापौर स्टीव्ह रॉदरम हेही त्या दिवशी लुटले गेले. संघ हरल्यावर रात्री साडेअकराला परक्या गावात स्टेशन शोधणाऱ्या माणसाला तीन गोष्टी लागतात: उजेड असलेला रस्ता, ठरावीक अंतरावर उभा असलेला ओळखू येणारा माणूस, आणि गाड्या कधीपर्यंत आहेत याची नक्की माहिती. पोलिसांचे ६,८०० जवान त्या दिवशी नेमलेले होते. त्यातली एक तुकडी स्टेशनच्या रस्त्यावर फक्त सोबतीला ठेवली असती तरी पुष्कळ फरक पडला असता.